जिलबीचा शिधा

छत्तीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली शेवटची सात शाखाधिकारी म्हणून. या काळात किती तक्रारी वाचल्या, ऐकल्या आणि गिळल्या याची मोजदाद नाही. पासबुकात नोंद झाली नाही, काउंटरवर सुटे दिले नाहीत, शिपायाने उर्मट उत्तर दिलं, धनादेश वटायला आठ दिवस लागले, हयातीचा दाखला देऊनही निवृत्तिवेतन अडकलं. निवृत्तीनंतर आता वाचकांच्या माझ्या कादंबऱ्यांविषयी तक्रारी येतात. त्यांना मुदतीत उत्तर द्यावं लागत नाही, एवढाच काय तो फरक. तेव्हा तक्रार या विषयात नवं काही शिकायचं उरलेलं नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत गेल्या जुलैत, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, मुलीच्या घराच्या ओसरीवर संपली. निमित्त झालं एकोणीस मेलेल्या उंदरांचं.

रविवारी सकाळी चहाबरोबर पुरवणी उघडणाऱ्या वाचकांची आधीच क्षमा मागतो. विषय तसा खमंग नाही. पण सांगायची गोष्ट उंदरांपाशी सुरू होते आणि आपल्या सगळ्यांच्या दारापाशी येऊन थांबते.

माझ्या तेरा वर्षांच्या नातवाने साप पाळला आहे. कॉर्न स्नेक नावाचा हा बिनविषारी साप अमेरिकेच्या आग्नेय भागातलाच. नातवाची मात्र रानातून धरलेली नाही, पैदास करणाऱ्याकडून घेतलेली आहे. रंग नारिंगी, अंगावर तांबूस पट्टे, आणि वेटोळं करून बसली की थेट हलवायाच्या ताटातली वाटावी अशी. म्हणून तिचं नाव जिलबी. हे नाव तिच्या आजीने ठेवलं. आजी आधी आठ दिवस त्या खोलीत गेली नव्हती. नवव्या दिवशी गेली, काचेपलीकडून हात जोडले आणि विचारलं, "हिला नागपंचमीला दूध ठेवायचं का रे?" नातवाने गंभीरपणे सांगितलं, "आजी, साप दूध पीत नाहीत. ती फक्त उंदीर खाते."

आपल्याकडचे साप घरात पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आडकाठी आहे, आणि ती आहे हे बरंच आहे. तिकडे मात्र काचेच्या पेटीत साप ठेवणं हा पोपट किंवा मासे पाळण्यासारखाच छंद. आणि छंद आला की त्याचा शिधा आला. मला वाटलं होतं, साप म्हणजे जिवंत उंदीर सोडायचा आणि आपण तोंड फिरवायचं. तसं नाही. कोंडलेल्या जागेत जिवंत उंदीर सोडला तर तो सापालाच चावतो, प्रसंगी जिवावर बेतणारी जखम करतो. म्हणून बहुतेक पाळणारे गोठवलेले उंदीर विकत घेतात. हा तिकडे रीतसर व्यापार आहे. उंदरांची पैदास होते, कार्बन डायऑक्साइड वायूने त्यांना मारलं जातं, गोठवलं जातं, पिशव्यांत भरलं जातं. आपल्याकडे तांदळाच्या प्रती असतात तशा त्यांच्याही प्रती आहेत. नुकतं जन्मलेलं, अंगावर केस नसलेलं ते 'पिंकी'. लव आलेलं ते 'फझी'. डोळे उघडून उड्या मारू लागलेलं ते 'हॉपर'. मग पुरता वाढलेला. सापाच्या अंगाचा जो सगळ्यात जाड भाग, साधारण तेवढ्या जाडीचं भक्ष्य द्यायचं, हा नियम. नातू महिन्यातून एकदा जिलबीला वजनकाट्यावर ठेवतो आणि वहीत नोंद करतो. ती वही पाहून माझ्यातला बँकवाला सुखावला, हे कबूल केलं पाहिजे.

उंदीर घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, ही आजीची अट होती. ती सोवळ्याची आहे असं आम्ही समजत होतो, पण ती निघाली आरोग्यखात्याची. गोठवल्याने साल्मोनेला नावाचे जंतू मरत नाहीत. २०१० साली अमेरिकेतल्या एका पुरवठादाराला याच जंतूंमुळे आपले गोठवलेले उंदीर बाजारातून परत मागवावे लागले होते, आणि त्यांच्यामुळे ब्रिटनमध्येही माणसं आजारी पडली होती. तेव्हा गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर आला. उंदीर पिशवीतच वितळवायचा, मग कोमट पाण्यात धरून अंगाइतका ऊबदार करायचा, लांब चिमट्याने द्यायचा आणि हात साबणाने स्वच्छ धुवायचे. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हकडे फिरकायचंसुद्धा नाही. हे सगळं तो मुलगा निमूट करतो. आपल्या जेवणाचं ताट उचलायला मात्र त्याला तीनदा सांगावं लागतं.

आता त्या गुरुवारकडे येतो. नातवाने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून पन्नास उंदरांची मागणी नोंदवली होती, पंचवीस-पंचवीसच्या दोन पिशव्या. असा माल थर्मोकोलच्या जाड डब्यात, वर कोरडा बर्फ ठेवून पाठवतात. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे अठ्ठ्याहत्तर अंश सेल्सियसला तो पाणी न होता थेट हवेत विरतो. म्हणून डबा कोरडा राहतो, पण बर्फाचं आयुष्य ठरलेलं असतं. शनिवार-रविवारी गोदामात अडकू नये यासाठी असा माल आठवड्याच्या सुरुवातीलाच रवाना करतात. नातवाचा डबा सोमवारी निघाला. बुधवारी यायचा तो गुरुवारी आला. बाहेर पस्तीस अंशांचा उन्हाळा.

संध्याकाळी चारला नातू पोहण्याच्या वर्गावरून आला, त्याने डबा आत घेतला आणि हातमोजे घालून उघडला. कोरड्या बर्फाचा मागमूस नव्हता. वरची पिशवी दगडासारखी कडक. खालची पिशवी हाताला लिबलिबीत. त्यातले सहा उंदीर आतून अजून गोठलेले होते, अंगावर बर्फाचे कण होते. उरलेले एकोणीस पार मऊ, आणि वास मारू लागलेले. त्याने लेबलाचं, डब्याचं, दोन्ही पिशव्यांचं छायाचित्र घेतलं आणि एकेक मोजून वहीत लिहिलं: एकतीस चांगले, एकोणीस खराब.

रात्री जेवणाच्या टेबलावर, म्हणजे जेवणं झाल्यावर, बैठक भरली. जावईबापू व्यवहारी. त्यांचं म्हणणं, "सगळे पन्नास खराब आले असं लिही. ते काही परत मागवणार नाहीत, असला माल कोण परत मागवतो? पूर्ण पैसे येतील. नाही दिले तर कार्डवाल्या बँकेकडून रक्कम अडवून धरू." मी म्हटलं, "अहो, एकतीस तर चांगले आहेत." ते म्हणाले, "बाबा, उशीर कुणाचा झाला? थोडी शिक्षा व्हायला नको का?"

हे 'थोडी शिक्षा' प्रकरण मला फार ओळखीचं होतं. बँकेत दहा रुपयांच्या चुकीसाठी मनस्तापाचे दहा हजार मागणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दहा रुपयांची चूक कबूल करायला दहा महिने लावणारे साहेबही. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. ग्राहक फुगवून सांगतो असं गृहीत धरून बँक निम्मं कापते, आणि बँक निम्मं कापणार असं गृहीत धरून ग्राहक दुप्पट सांगतो. यात मारला जातो तो जेवढ्यास तेवढं सांगणारा माणूस. त्याचंही निम्मं कापलं जातं.

नातवाने एकोणीसचीच तक्रार करायची असं ठरवलं. मसुदा मी करायचा. मी दोन पानी पत्र लिहिलं, 'आपल्या उपरोल्लिखित मालाच्या संदर्भात' वगैरे थाटाचं. नातवाने ते वाचलं आणि त्याच्या सहा ओळी केल्या. कधी मागवलं, कधी यायचं होतं, कधी आलं, किती चांगले, किती खराब, सोबत चार छायाचित्रं. आयुष्यभर मी कारकुनांना जे सांगत आलो ते या पोराने मला न सांगता करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सभ्य होतं. त्यात तीन प्रश्न होते. कोरडा बर्फ थोडा तरी शिल्लक होता का? खराब उंदीर कोणत्या पिशवीतले? आणि डबा दारात पोहोचल्यापासून आत घेईपर्यंत किती वेळ गेला? कारण त्यांच्या अटींत स्पष्ट होतं, चोवीस तासांत छायाचित्रांसह कळवा, आणि डबा दारात पडून राहिल्याने झालेली खराबी आमच्याकडे नाही.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नातवाने लगेच लिहिली. तिसऱ्यापाशी तो थांबला. "आजोबा, डबा किती वाजता आला? तुम्ही घरीच होता ना?"

वाचकहो, डबा सकाळी अकराला आला होता. मी खिडकीशी बसून लिहीत होतो. गाडी थांबली, माणूस उतरला, डबा ओसरीवर ठेवून गेला, हे सगळं मी पाहिलं होतं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, नाशवंत माल, ताबडतोब उघडा. आत काय आहे हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी उठलो नाही. दुसऱ्याचं टपाल आपण कशाला हाताळा, नातवाची वस्तू आहे, तोच घेईल, असं मनाशी म्हटलं. खरं कारण एवढंच की मला किळस वाटत होती. बारा वाजता ओसरीवर ऊन आलं, तेही मी पाहिलं. मग मी जेवलो आणि वामकुक्षी घेतली. पाच तास तो डबा उन्हात होता.

आदल्या रात्री प्रामाणिकपणावर प्रवचन झोडणारा मी, या प्रश्नावर पाण्याचा घोट घेतला. जावई म्हणाले, "लिही, आल्याबरोबर घेतला. त्यांना काय कळतंय?" आणि ते खरंच होतं. पोहोचवणाऱ्याकडे डबा ठेवल्याची वेळ होती. तो उचलल्याची वेळ फक्त मला ठाऊक होती. बँकेत पतपत्राच्या व्यवहारात एक सूत्र असतं: बँक कागदपत्रं पाहते, माल पाहत नाही. कागद ठीक तर पैसे चुकते. आमचे कागद ठीक होते. छायाचित्रं स्वच्छ होती. एक ओळ खोटी लिहिली असती तर जगातली कोणतीही बँक ती पकडू शकली नसती.

मी नातवाला सांगितलं. अकराला आला, मी पाहिला, मी आत घेतला नाही. का घेतला नाही तेही सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "मग ते बुधवारीच खराब झाले होते की गुरुवारी उन्हात झाले?" या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येणार नव्हतं. त्याने तसंच लिहिलं. माल एक दिवस उशिरा आला, डबा आमच्याकडून पाच तास उन्हात राहिला, कशाने किती बिघडलं ते आम्हाला सांगता येत नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. एकोणीसपैकी दहा उंदरांची किंमत त्यांनी पुढच्या मागणीत वळती केली. सोबत एक ओळ होती, मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. जावई म्हणाले, "पाहा, गप्प बसलो असतो तर एकोणीसचे आले असते." हिशेब म्हणून त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी वाद घातला नाही. नातू माझ्यासमोर वही घेऊन आला. "आजोबा, म्हणजे नऊ उंदीर तुमच्याकडे निघतात." मी पैसे काढून दिले. त्याने पावती दिली. आयुष्यात मी कित्येकांच्या कर्जाचे अर्ज तपासले, पण नऊ उंदरांचा देणेकरी पहिल्यांदाच झालो.

ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाही. हिच्यात मला आपलं आजचं एक दुखणं दिसतं.

माझ्या लहानपणी तक्रार करायला धाडस लागायचं. रेशनच्या दुकानात खडे-मातीचे गहू मिळाले तरी पिशवी उचलून मुकाट्याने घरी यायचं. पुढे महाराष्ट्रात ग्राहक चळवळ रुजली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०१९ साली त्याच्या जागी नवा आला. आमच्या क्षेत्रात १९९५ साली बँकिंग लोकपाल आला. तेव्हा आम्ही अधिकारी कुरकुरलो होतो. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या लोकांनी आपल्यावर उपकार केले. ग्राहकाला तोंड मिळालं.

तोंड मिळाल्यावर ते कसं वापरायचं, हे मात्र कुठल्या कायद्यात लिहिलेलं नसतं. आज पुण्या-मुंबईत दहा मिनिटांत भाजी दारात येते. मेथीची जुडी किंचित कोमेजली तर फोनवर दोनदा बोट टेकवून पैसे परत. मेथी परत मागवत नाहीत. ती धुऊन, निवडून आपण पराठे करतो. आमच्या इमारतीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी ही युक्ती मला अभिमानाने सांगितली. 'वाईट शेरा लिहीन' ही धमकीही आता तक्रारीआधीच बाहेर पडते. विक्रेतेही काही संत नाहीत. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं म्हणत अर्धा तास बासरी ऐकवणारे, तक्रारीचा पत्ता शोधूनही सापडू न देणारे, ग्राहक थकेल याची वाट पाहणारे त्यांच्यातच आहेत. ते खऱ्या माणसाला खोटं बोलायला शिकवतात, हा त्यांचा मोठा गुन्हा.

खरेदी-विक्रीचा आपला कायदा १९३०चा. त्यात एक साधी गोष्ट आहे. माल हाती आल्यावर तो तपासण्याचा खरेदीदाराला हक्क आहे, आणि तो नाकारायचा तर वाजवी वेळेत कळवायला हवं. अमेरिकेच्या व्यापारी कायद्यातही हेच तत्त्व आहे. म्हणजे तक्रार हा हक्क आहे, आणि त्याच्या पोटात एक कर्तव्य आहे. ताबडतोब पाहा, मोजा, जेवढं आहे तेवढं सांगा. गोठवलेल्या मालाच्या बाबतीत 'वाजवी वेळ' तासांत मोजायची असते. मापात फसवलं, हॉपर मागवले आणि फझी आले, तर दोष विक्रेत्याचा. जुना माल पांढरट, सुकलेला आला, तरी त्याचाच. पण कढत पाण्यात घाईने वितळवला आणि पोट फुटलं, तर दोष आपला असू शकतो. कार्डवाल्या बँकेकडून पैसे अडवून धरण्याची सोय अमेरिकेत १९७४च्या कायद्याने दिली आहे. ती चांगली सोय आहे, पण ती विक्रेता दाद देत नसेल तेव्हासाठी. पहिल्याच पत्राला ते हत्यार काढणं म्हणजे शेजाऱ्याचा रेडिओ मोठा आहे म्हणून थेट कोर्टात जाणं.

माझं म्हणणं एवढंच आहे. तक्रार ही साक्ष आहे. साक्षीदाराने आपल्याला सोयीचं तेवढंच सांगितलं, तर एखादा खटला जिंकता येतो, पण पुढच्या साक्षीदारावर कुणी विश्वास ठेवत नाही. अशा विक्रेत्यांच्या अटी दरवर्षी लांबत जातात, चोवीस तासांचे बारा तास होतात, एका छायाचित्राची चार होतात. या प्रत्येक नव्या अटीमागे कुणीतरी सांगितलेलं एखादं खोटं असतं, हे मी बँकेत बसून शिकलो. आमचे अर्ज एका पानाचे सोळा पानी झाले ते काही आम्हाला कागदाची हौस होती म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट राहिली. ते एकोणीस उंदीर दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाकावे लागले. पिशवी नातवाने नेली, आजी दारात उभी होती. गणपतीच्या वाहनाविषयी ती काही बोलेल असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "ज्याच्यासाठी मेले, त्याच्या पोटातही गेले नाहीत." त्या क्षणापर्यंत आम्ही सगळे मालाविषयी बोलत होतो. पैसे दहाचे आले की एकोणीसचे, यावर दोन दिवस खल केला. तो माल कधीतरी जिवंत होता, आणि माझ्या किळसेपोटी त्यातला काही तरी फुकट गेला, हे तिच्या एका वाक्याने समोर आलं. याची भरपाई कुठल्याही अटींत बसत नाही.

सप्टेंबरात, आमच्या परतीच्या आठवड्यात, पुढचा डबा आला. वेळेवर आला, बुधवारी, सकाळी साडेदहाला. मी खिडकीशीच होतो. गाडी वळायच्या आत मी ओसरीवर होतो. डबा दोन्ही हातांनी उचलला, आत आणला आणि गॅरेजमध्ये फ्रीझरशेजारी ठेवला. गार लागत होता. मग नातवाच्या वहीत, त्याच्याच रकान्यात, वेळ लिहिली आणि बँकेतल्या सवयीने शेजारी आद्याक्षरी सही केली.